डब्लिनचा पोरगा, मेलबर्नचा रकमन : जिम स्टाइन्स

वेरिबीकर

क्रिकेटच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की एमसीजीच्या बाहेर जे पुतळे आहेत त्यात क्रिकेटवाले सोडून बाकीचे कोण. उत्तर लिहायला घेतलं तर लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. सगळ्यांबद्दल नाही, एकाबद्दलच लिहितो, जिम स्टाइन्स, इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला (इकडे फूटी म्हणतात) मेलबर्न क्लबचा खेळाडू.

तो मूळचा इथला नव्हता हे आधी सांगतो, त्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही. १९६६ चा जन्म, डब्लिनचा. तिकडे गेलिक फुटबॉल खेळायचा, १९८४ ला डब्लिनच्या मायनर, म्हणजे लहान वयोगटाच्या संघातून ऑल-आयर्लंड, म्हणजे गेलिकचं राष्ट्रीय अजिंक्यपद, जिंकला. तेव्हा मेलबर्न क्लबचा कोच होता रॉन बरासी, या खेळातलं फार मोठं नाव, खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही. त्याच्या डोक्यात असं होतं की आयर्लंडची पोरं चेंडू हातात घेऊन पळतात, उंच उडी मारून झेल घेतात, पायाने लांब मारतात, मग त्यांना आपला खेळ का नाही शिकवता येणार? क्लबने तिकडे जाहिरात दिली, इथे या, कॉलेजचं शिक्षण आमच्याकडे, आमच्यासाठी खेळा. स्टाइन्स निवडला गेला आणि १९८४ च्या शेवटी, अठराव्या वर्षी, इथे येऊन पोचला.

आता हे वाटतं तेवढं सोपं का नाही ते बघा. गेलिकचा चेंडू गोल, इथला लंबगोल, टप्पा पडला की कुठे उडेल याचा भरवसा नाही. तिकडचं मैदान चौकोनी, इथे क्रिकेटचं अख्खं मैदान. शिवाय इथे समोरचा अंगावर येऊन कमरेत धरून खाली पाडतो, आणि इथली पोरं हे सगळं पाच-सहा वर्षांची असल्यापासून करत आलेली असतात. कबड्डीत जिल्हा गाजवलेल्या पोराला अठराव्या वर्षी कुस्तीच्या हौद्यात उतरवावं आणि दोन वर्षांत मोठ्या मैदानाच्या तयारीला लाग म्हणावं, तसं झालं हे. १९८५ ला तो मेलबर्नच्या १९ वर्षांखालच्या संघातून खेळला, १९८६ ला क्लबने त्याला प्राहरानकडे पाठवलं, खालच्या व्हीएफए स्पर्धेत, तिथे मार खात खात शिकला आणि १९८७ ला मोठ्या संघात आला.

आणि त्याच वर्षी ते झालं. मेलबर्न क्लब १९६४ नंतर पहिल्यांदाच फायनल्समध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत, पोचला होता. प्रिलिमिनरी फायनल, जिंकलं की थेट ग्रँड फायनल, समोर हॉथॉर्न, मैदान वेव्हर्ली पार्क. अगदी शेवटी मेलबर्न ४ गुणांनी पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली पण गोलपासून ५५ मीटरच्या आसपास, तिथून पोचणं कठीणच होतं. तेवढ्यात स्टाइन्स दुसऱ्या एकाच्या मागे पळता पळता बकेनारा आणि त्याच्यासमोर उभा असलेला खेळाडू यांच्या मधून गेला. हे चालत नाही. अंपायरने बकेनाराला १५ मीटर पुढे आणलं. तोवर सायरन वाजलेला. ४० मीटरवरून गोल, ६ गुण, हॉथॉर्न २ गुणांनी जिंकलं. एकवीस वर्षांचा परका पोरगा, आणि सगळ्या शहराच्या तोंडी त्याचंच नाव.

इथे लोक त्याची गोष्ट अशी सांगतात की १९८७ ला चुकला आणि १९९१ ला ब्राउनलो मेडल, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, जिंकून भरपाई केली. मला हे मुळीच पटत नाही. गेलेली ग्रँड फायनल गेली, मेडलने ती परत येत नाही. मला मोठी वाटतात ती मधली चार वर्षं, ज्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. १९८८ ला मेलबर्न ग्रँड फायनलला पोचलं आणि परत हॉथॉर्नकडूनच हरलं, तब्बल ९६ गुणांनी. हा त्यात होता. पुढच्या सीझनला परत उभा, त्याच्या पुढच्यालाही. १९८७ ते १९९८ सलग २४४ सामने, एकही न चुकवता. आधीचा विक्रम रिचमंडच्या जॅक टायटसचा होता, २०२, तोही पार दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. आणि ही साखळी १९८७ मध्येच सुरू झालेली आहे, म्हणजे वेव्हर्लीचा तो सामनाही या २४४ मधलाच एक आहे. बाकीच्यांसाठी तो सामना म्हणजे त्याची अख्खी गोष्ट, त्याच्यासाठी तो एक शनिवार होता, ज्याच्यापुढे अजून कितीतरी शनिवार खेळायचे होते. माझ्या मते त्याचं मोठेपण इथे आहे.

एकूण २६४ सामने, ४ वेळा क्लबचा बेस्ट अँड फेअरेस्ट, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, त्यातले ३ तर १९९५, ९६, ९७ असे ओळीने, म्हणजे तिशीच्या आसपास, जेव्हा रकमनचे गुडघे आणि पाठ बोलायला लागतात. क्लब प्रेसिडेंट म्हणून काय केलं आणि आजारपण, ते खाली प्रतिसादात लिहीन.

पक्का_पुणेकर

लेख आवडला, पण नियमांत अडकलो. नुसतं मधून पळालं म्हणून १५ मीटर? आणि रकमन म्हणजे काय ते पण सांगा, मी हा खेळ फक्त हॉटेलातल्या टीव्हीवर पाहिलाय, सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते एवढंच कळलं.

वेरिबीकर

सांगतो. एका बाजूला १८ जण मैदानात. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारला तर गोल, ६ गुण, बाजूच्यातून गेला तर बिहाइंड, १ गुण. ऑफसाइड वगैरे काही नाही. पायाने मारलेला चेंडू हवेतच झेलला तर त्याला मार्क म्हणतात आणि झेलणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते, समोरच्या संघाचा एक जण ठरलेल्या जागी उभा राहू शकतो, पण त्या दोघांच्या मधून कोणी पळायचं नाही, कारण किक मारणाऱ्याचं लक्ष उडतं. फ्री किकलाही तेच. आणि १५ मीटर ही शिक्षा तुम्हाला जास्त वाटतेय, पण १९८८ पासून ती ५० मीटर केली! आजच्या नियमाने बकेनारा थेट गोलच्या तोंडाशी उभा राहिला असता.

रकमन म्हणजे प्रत्येक संघातला सगळ्यात उंच गडी. अंपायर मधोमध चेंडू उंच उडवतो (२०२५ पर्यंत जमिनीवर आपटून), दोन्ही रकमन उडी मारून आपल्या माणसांकडे तो टोलवतात. पूर्वीचे रकमन दांडगे असायचे, धक्का द्यायचा, टोलवायचा, मग हळूहळू चालत पुढच्या जागी जायचं. स्टाइन्स १९९ सेंटीमीटर उंच, पण पळायचा मात्र मिडफिल्डरसारखा, गेलिकमधली सवय. चेंडू टोलवून झाला की तोच पुढे जाऊन झेलायला मोकळा. समोरचा रकमन तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दमून जायचा आणि हा शेवटपर्यंत पळत राहायचा. १९९१ चं ब्राउनलो त्यावरच मिळालं. ते मेडल अंपायर देतात, दर सामन्यानंतर ३-२-१ मतं, आणि सीझनमध्ये निलंबन झालेला खेळाडू पात्रच नसतो. परदेशात तयार होऊन आलेल्यांपैकी ते जिंकणारा तो पहिला.

सदाशिव_दा

वेरिबीकर, छान लिहिलंत. मी इथे ८६ साली आलो, त्यामुळे तो सामना आठवतो. एक राहिलं ते भर घालतो. रॉबी फ्लॉवर. मेलबर्नचा कॅप्टन, २७२ सामने, अंगाने किडकिडीत, लांबून बघितलं तर खेळाडू वाटणारच नाही, आणि चेंडू पायाशी आला की नजर हटायची नाही. सगळं करिअर हरणाऱ्या संघात गेलं त्याचं. १९८७ ला पहिल्यांदा फायनल्स खेळायला मिळाल्या आणि वेव्हर्लीचा तो सामना त्याचा शेवटचा ठरला, ग्रँड फायनल कधी खेळलाच नाही. त्या दिवशी लोकांना स्टाइन्सचा राग आला तो क्लब हरला म्हणून कमी आणि फ्लॉवरसाठी जास्त, निदान माझ्या ओळखीतल्या लोकांचं तरी तसंच होतं. हे ओझं कुठल्या पोराला झेपेल सांगा. म्हणून तुमचं ते मधल्या चार वर्षांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

आणखी एक म्हणजे त्याच्या करिअरच्या काळात हा खेळच बदलला. तो आला तेव्हा व्हीएफएल, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याची लीग होती, खेळाडू दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी ट्रेनिंगला यायचे, कोणी सुतारकाम, कोणी मास्तर, कोणी पोलिस. सामने शनिवारी दुपारी, सगळे एकदम. १९९० ला नाव एएफएल, ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, झालं, पर्थ, ब्रिस्बेन, अॅडलेडचे संघ येत गेले, टीव्हीचा पैसा आला आणि तो रिटायर झाला तेव्हा खेळाडू ही पूर्ण वेळची नोकरी झाली होती. स्टाइन्स दोन्ही जगांत खेळला.

ऋता_फिजिओ

सगळे कौतुक करतायत त्यात मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. सलग २४४ सामने हे वाचून मला आधी काळजी वाटली. या खेळात अकरा वर्षं कोणाला दुखापत झाली नाही असं होतच नाही, म्हणजे तो दुखापत घेऊन खेळला, आणि त्याबद्दलच्या गोष्टी इथे अभिमानाने सांगितल्या जातात, बरगड्या दुखत असताना खेळला, गुडघा सुजलेला असताना खेळला. हाताचं, बरगडीचं एक वेळ ठीक आहे, पण हीच वृत्ती डोक्याच्या बाबतीत चालली त्याचे परिणाम आता समोर येतायत. ग्रॅहम फार्मर, या खेळातला सगळ्यात नावाजलेला रकमन, त्याच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई सापडलं, म्हणजे वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा ऱ्हास. रिचमंडचा शेन टक २०२० ला गेला, अवघा ३८ वर्षांचा, त्याचा सीटीई गंभीर होता. हेदर अँडरसन तर २८ वर्षांची होती, महिला लीगमध्ये खेळलेली. हा आजार जिवंतपणी खात्रीने ओळखताही येत नाही, मृत्यूनंतर मेंदू तपासावा लागतो.

२०२१ पासून डोक्याला मार बसून कन्कशन झालं की किमान १२ दिवस बाहेर बसावंच लागतं. म्हणजे पुढचा सामना बहुतेक वेळा गेलाच. तेव्हा असा सलग विक्रम आता दुखतंय तरी खेळतो या जिद्दीवर करता येणार नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. माझ्याकडे शाळकरी मुलं येतात, आईवडील विचारतात शनिवारपर्यंत बरा होईल ना, त्या मुलांसमोर २४४ चा आदर्श ठेवताना विचार व्हावा एवढंच.

वेरिबीकर

ऋता, राग कशाला, हे लिहिलंत ते बरं झालं. डोक्याच्या दुखापतीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, त्यात जिद्द आणूच नये. मला त्या आकड्यात जे दिसतं ते थोडं निराळं आहे. वाईट खेळला, हरला, लोकांनी नावं ठेवली, तरी पुढच्या आठवड्यात नाव यादीत आहेच. दुखापतीपेक्षा लाज घेऊन मैदानात उतरणं जास्त कठीण असावं असं मला वाटतं. पण हे खरं की तो आकडा त्या दोन्हींचा मिळून झालाय आणि त्यातलं एक वेगळं काढता येत नाही.

सदाशिव_दा

याच क्लबात याच्या उलटं उदाहरण आहे. डेव्हिड श्वार्झ. १९९४ ला काय खेळत होता तो, लोक म्हणायचे पुढची दहा वर्षं याचीच. १९९५ ला गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, परत आला तर परत तेच, एकूण तीन ऑपरेशनं त्या गुडघ्याची. त्यानंतरही कित्येक वर्षं खेळला पण ९४ चा श्वार्झ परत दिसला नाही. पुढे जुगाराच्या व्यसनाबद्दल स्वतःच उघडपणे बोलला आणि इतरांना सावध करत फिरला. एकाच ड्रेसिंगरूममध्ये एक जण कधीच न बसणारा आणि एक जण सारखा बसावा लागलेला. नशिबाचा भाग या खेळात किती मोठा आहे ते लक्षात ठेवायला हवं.

अवनी_क

धागा फार आवडतोय. माझा मुलगा ऑसकिकला, लहान मुलांच्या फूटीच्या वर्गाला, जातो, आता म्हणतो मी फूटीच खेळणार मोठा होऊन. घरी आजीआजोबा घाबरलेत. खरंच करिअर म्हणून कसं असतं हे? कोणी सरळ सांगेल का?

वेरिबीकर

अवनी, ऑसकिकच्या वयात नुसतं खेळू द्या, त्याचा आनंद वेगळाच आहे. करिअरचं म्हणाल तर वाट अरुंद आहे. १८ क्लब, २०२८ ला टास्मानियाचा एकोणिसावा येणार. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, बारावी नुकती संपलेली पोरं. क्लब तुम्हाला निवडतो, तुम्ही क्लबला नाही, म्हणजे मेलबर्नचा मुलगा पर्थला गेला तर जावंच लागतं, अठराव्या वर्षी घर सोडून. आणि निवड झाली म्हणजे झालं असं नाही, दोन-तीन वर्षांत यादीतून नाव काढलेले खूप असतात, काहींना एकही सामना मिळालेला नसतो. खेळाडूंची संघटना शिक्षणासाठी मदत करते, ती घेणारे शहाणे.

स्टाइन्सचं इथे बघण्यासारखं आहे. तो एज्युकेशन शिकत होता, मास्तर व्हायचं डोक्यात होतं, आणि ते त्याने सोडलं नाही. अजून खेळत असतानाच, १९९४ ला, पॉल करी नावाच्या फिल्मवाल्या मित्राबरोबर रीच ही संस्था काढली. शाळाशाळांतून तेरा-चौदा ते अठरा वयाच्या मुलांना एकत्र बसवून बोलतं करायचं, घरचं, मनातलं, भीती, सगळं. भाषण द्यायला खेळाडू येतो आणि सह्या देऊन जातो तसलं नव्हतं ते, पुढे त्याच मुलांतली काही मोठी होऊन लहानांचे गट घ्यायला लागली. रिटायर झाल्यावर तो पूर्ण त्यात उतरला. २००१ आणि २००३ असा दोनदा व्हिक्टोरियन ऑफ द इयर झाला तो या कामामुळे.

लालनिळा

मी मेलबर्न क्लबचा मेंबर आहे, स्टाइन्सबद्दल मनात प्रचंड आदर आहे, म्हणूनच प्रेसिडेंटपदाचं पूर्ण चित्र यावं असं वाटतं. २००८ ला तो आला तेव्हा क्लबवर ५० लाख डॉलरच्या आसपास कर्ज होतं, क्लब राहील की जाईल अशी बोलणी चालायची. त्याने लोकांच्या दारात जाऊन पैसे उभे केले, २०१० पर्यंत ते कर्ज संपलं. हे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, कारण लोक क्लबला नाही, त्याला देत होते.

पण मैदानावर त्याच वर्षांत क्लब रसातळाला गेला. ३० जुलै २०११, जिलाँगमध्ये १८६ गुणांनी हरलो, लगेच कोच डीन बेलीला काढलं. नंतर २००९ च्या सीझनची चौकशी झाली, चांगला ड्राफ्ट मिळावा म्हणून (तळाच्या संघाला नव्या पोरांत आधी निवड मिळते) मुद्दाम हरले का अशी. तसं सिद्ध झालं नाही तरी २०१३ ला क्लबला ५ लाख डॉलर दंड झाला आणि बेली आणि त्या वेळचा फुटबॉल मॅनेजर निलंबित झाले. क्लब बुडता बुडता वाचला तो स्टाइन्समुळे, पण चांगला संघ बांधणं हे वेगळं काम आहे आणि ते त्याच्या काळात झालं नाही. दोन्ही खरं आहे. त्याच्या जवळ वेळही नव्हता, ते पण खरं.

ऋता_फिजिओ

वेळ नव्हता हे अगदीच खरं. पाठीवरच्या गाठीपासून निदान झालं, मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, पसरलेला. जुलै २००९ मध्ये त्याने स्वतः पत्रकारांसमोर सांगितलं. नंतर तो मेंदूत गेला, एकामागून एक ऑपरेशनं, आणि या सगळ्यात प्रेसिडेंटपद चालूच, ते सोडलं फेब्रुवारी २०१२ मध्ये. २० मार्चला गेला, ४५ वर्षांचा. बायको आणि दोन मुलं मागे. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला, फेडरेशन स्क्वेअर लोकांनी भरलं होतं.

इथे नवीन येणाऱ्यांना एक सांगते, आपली कातडी सावळी म्हणून धोका कमी असला तरी शून्य नाही, मुलं दिवसभर मैदानावर असतात, टोपी आणि सनस्क्रीन हवंच. अंगावरचा तीळ बदलला, वाढला, रक्त आलं तर थांबू नका, जीपीला (फॅमिली डॉक्टरला) दाखवा.

लालनिळा

आणि क्लब शेवटी जिंकला तेव्हा तो नव्हता. २०२१, वेस्टर्न बुलडॉग्जला ७४ गुणांनी हरवलं, १९६४ नंतरची पहिली प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, ५७ वर्षं. तीही पर्थला, कारण मेलबर्नमध्ये लॉकडाऊन, आम्ही सगळे घरात. माझ्या शेजारचे आजोबा ६४ ला मैदानात होते, या वेळी अंगणात खुर्ची टाकून एकटेच बसले, मी कुंपणापलीकडून ओरडून सांगत होतो की आवाज मोठा करा.

पक्का_पुणेकर

आता मीही बघणार एखादा सामना पूर्ण. एक शेवटची शंका, बरासीची ती आयरिश कल्पना पुढे चालली का, की स्टाइन्स एकटाच?

वेरिबीकर

चालली, पण दरवेळी जमली नाही. बरेच आयरिश आले, एखाद-दोन वर्षांत परत गेले, घरची ओढ पण असते. टायग केनेली सिडनीकडून २००५ ची प्रीमियरशिप जिंकला, मग आयर्लंडला परत जाऊन २००९ ला केरी काउंटीकडून ऑल-आयर्लंड जिंकला, दोन्ही मिळवणारा तो पहिला पुरुष खेळाडू. झॅक टूही कार्लटन आणि जिलाँगकडून खेळला, २०२२ ला मार्क ओकॉनरबरोबर प्रीमियरशिप घेतली, आणि २०२३ मध्ये स्टाइन्सचा २६४ चा आयरिश विक्रम ओलांडला. महिला लीगमध्ये तर आयरिश मुली सर्रास दिसतात, कोरा स्टॉन्टन वयाच्या पस्तिशीनंतर येऊन इथे गोल मारायची, आणि ऐलिश कॉन्सिडाइन २०१९ ला अॅडलेडकडून जिंकली. तिकडच्या क्लबांची आता तक्रार असते की आमची चांगली पोरं-पोरी ऑस्ट्रेलियावाले घेऊन जातात.

पुणेकर, पहिला सामना बघायचा तर जूनमधला मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवूड बघा, राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा. त्यात मोटर न्यूरॉन आजारासाठी पैसे जमवतात, ते नील डॅनिहरने सुरू केलं, ज्याला स्वतःला तो आजार झाला. स्टाइन्सच्या शेवटच्या सीझनला, १९९८ ला, त्याचा कोच हाच डॅनिहर होता. त्याच्यावर वेगळा धागा सदाशिव दांनी काढावा, त्यांनी तो काळ मैदानात बसून पाहिलाय.

सदाशिव_दा

काढतो. डॅनिहर खेळाडू म्हणून एसेंडनचा, तिथूनच सुरुवात करावी लागेल, कारण चार भाऊ एकाच क्लबात खेळले ते आधी सांगायला हवं. रविवारी बसतो लिहायला.